धरलंय, ओढ

१

खेळातल्या रेल्वेचे रूळ सोडवायचे असतील, तर घाईतल्या माणसाने त्यांना हात लावू नये. दोन रुळांची टोकं जिथे भेटतात तिथे नखाएवढी पत्र्याची चिमटी असते. दोन्ही बाजूंनी एकेक रूळ तिच्यात सरकवलेला असतो. दुकानदार तिला जॉइनर म्हणतात, आम्ही दोघे भाऊही तेच म्हणायचो. ती काढताना लोक काय करतात, तर सरळ रूळ धरून काडी मोडल्यासारखा वाकवतात. मग जॉइनर फाकतो, रुळाचं टोक मुरडतं, आणि स्लीपरवरची, म्हणजे रुळांखालच्या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्यांवरची, ती इवली नाकं, ज्यांनी रूळ धरून ठेवलेला असतो, पटापट तुटतात. तो तुकडा मग कचऱ्यातच जायचा.

खरी पद्धत अशी. बारीक चोचीच्या पकडीत जॉइनर धरायचा आणि सरळ रेषेत ओढायचा. वर नाही, बाजूला नाही, पीळ तर मुळीच द्यायचा नाही. अडचण एवढीच की त्याच्यामागोमाग रूळही सरकत येतो. म्हणून हे काम दोघांचं. एकाने लांबच्या टोकाला रूळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने जॉइनर ओढायचा, आणि पुढच्या सांध्याला पाळी बदलायची. आमचं टेबल चांगलंच लांब होतं आणि दुपारी आई झोपलेली असायची, म्हणून अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, खुणा ठरवून दिल्या होत्या. रुळावर नखाने दोनदा टकटक म्हणजे 'धरलंय, ओढ'. तीनदा म्हणजे 'सोड'. तीनदा वाजलं की हात सोडायचाच, भांडण काय ते नंतर. अप्पा म्हणायचे, "सोड म्हटल्यावरही ओढतो तो गाढव. सांधा त्याच्याच हातात मोडतो."

हे सगळं उकरायचं कारण, मुलगी घरी येणार होती. कायमची. नवऱ्याशी पटेना, आणि मी काही तिला 'पटवून घे' म्हणणाऱ्यांतला बाप नाही. बरोबर तिची मुलगी, दीड-दोन वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून जिला आम्ही भिंगरी म्हणतो. दोघींना वरची खोली हवी. तिथे अप्पांचं टेबल होतं आणि टेबलावर त्यांची रेल्वे. बायकोने फर्मान काढलं, खोली रिकामी करा. हौशी लोकांच्या मंडळातले एक गृहस्थ, खिशाला शिट्टी अडकवून हिंडतात म्हणून मी त्यांना गार्डसाहेब म्हणतो, ते सगळं घेऊन जायला तयार होते. अट एकच, एकही टोक मुरडलेलं चालणार नाही.

मला काय, मी कवळ्या बनवतो. हाताला नाजूक कामाची सवय आहे. निम्म्या गावाच्या तोंडात माझे दात आहेत, आणि माझ्या तोंडात माझीच जीभ. ती जरा तिखट आहे असं बायको म्हणते.

२

घर एक होतं, त्याचं दोन झालं. कसं झालं ते सांगत बसलो तर तुम्ही जांभया द्याल. भावाभावांची भांडणं सगळीकडे सारखीच, फक्त ज्याला त्याला आपलं वेगळं वाटतं. थोडक्यात एवढंच की दादा मोठा, म्हणून 'सोड' म्हणणं त्याच्याकडे आणि सोडणं माझ्याकडे. खिडकीजवळची खाट सोड. अप्पांची सायकल सोड. रस्त्याकडची बाजू सोड, मला शिकवण्यांना लागते. मी सोडत गेलो. धाकट्याने धरून ठेवलं की तो हट्टी, आणि मोठ्याने धरून ठेवलं की तो जबाबदार. शेवटी एक दिवस गवंडी आला आणि घराच्या पोटातून भिंत गेली. वरच्या खोलीत ती अप्पांच्या टेबलाच्या बरोबर मधून गेली.

अप्पा तेव्हा होते. भिंतीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. पण टेबल कापायला करवत आली तेव्हा त्यांनी गवंड्याला बाजूला घेतलं आणि रुळांच्या उंचीवर एक बोगदा ठेवायला लावला, पेल्याच्या तोंडाएवढा. मग कित्येक वर्षं ती गंमत चालली. इकडे मी, तिकडे दादा, एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हतो, आणि अप्पांची गाडी मात्र दोन्ही घरांत ये-जा करत होती. अप्पा महिनाभर त्याच्याकडे, महिनाभर माझ्याकडे. ते तिकडे असले की कधी एखाद्या डब्यात गोळी ठेवून गाडी पाठवायचे. मुलगी तेव्हा लहान होती, ती गोळीची वाट बघत बोगद्याला डोळा लावून बसायची.

अप्पा दादाच्या पाळीत गेले. गेले पहाटे, मला कळलं दुपारी. एका भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाला दुपारी! दादाने निरोप पाठवला तो शिकवणीच्या पोराबरोबर. त्यानंतर मी कामावरून प्लॅस्टरची पिशवी आणली, दातांची मापं भरायचं ते पांढरंशुभ्र प्लॅस्टर, आणि रुळांसकट बोगदा बुजवून टाकला. प्लॅस्टर ओलं होतं तेव्हा पलीकडून रुळावर दोनदा वाजलं. धरलंय, ओढ. मी उत्तर दिलं नाही. काय ओढायचं होतं त्यात?

गेल्या वर्षी दादाही गेला. मी खाली दारापर्यंत गेलो, लोकांत उभा राहिलो, तोंडातून शब्द काढला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते आमच्या घराण्याला बघूनच. वहिनी मुलाकडे राहायला गेली. जाताना पलीकडचं टेबल, रूळ, डबे सगळं भंगारात देऊन खोली झाडून गेली आणि किल्ली माझ्या बायकोकडे ठेवून गेली. बायकांचं बोलणं कधी बंद नव्हतंच. तेव्हा भिंतीपलीकडे काही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

३

पहिल्या दिवशी एकट्याने हात घातला आणि जेवायच्या वेळेपर्यंत अंगाची लाही लाही झाली. खोली लांबट. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला ती भिंत. मी खिडकीकडून सुरुवात केली. जॉइनर ओढला की रूळ मागोमाग यायचा, स्लीपरच्या नाकांतून कुरकुरत. लाकडी ठोकळ्याला खाच पाडून बघितली, कपड्यांचे चिमटे लावून बघितले. बायकोचे गुडघे जिना चढत नाहीत, त्यामुळे तिला हाक मारण्यात अर्थ नव्हता. दोन तुकडे मोडले. खालून बायकोने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, नशीब फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बसलो. पकडीत जॉइनर धरला, दात आवळून ओढला, आणि तो एकटाच हातात आला. रूळ जागचा हलला नाही. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. मला बरं वाटलं. म्हटलं, रुळांचं दुसरं टोक प्लॅस्टरमध्ये बसलंय, मधले सांधे गंजून एकजीव झालेत, म्हणून भिंतच रूळ धरून ठेवते आहे. मग काल का नाही धरले, असं मन म्हणालं. मनाला म्हटलं, तू गप्प बस.

पण हाताला गप्प बसवता येत नाही. तीस-चाळीस वर्षं माझ्या हातांनी साच्यातून वस्तू सोडवल्या आहेत. अडकलेली वस्तू आणि धरलेली वस्तू यांतला फरक त्यांना कळतो. अडकलेली वस्तू मेलेली असते. धरलेली वस्तू तुमच्या जोराला जोर देते. तुम्ही थांबलात की तीही जरा सैल होते, तुम्ही ओढलंत की आवळते. हे रूळ धरलेले होते.

तेवढ्यात वाजलं, दोनदा. नखाचा बारीक, कोरडा आवाज. उन्हाने पाईप तापतात, वाजतात. कबुतरं चोची मारतात. मी ही कारणं एकेक करून स्वतःला सांगितली आणि पकड पुढच्या सांध्याला लावली. फुकटचा मजूर मिळाला तर कोण नको म्हणतो.

सकाळी वर गेलो तर पुढचा सांधा काढलेला होता. जॉइनर टेबलावर उभा करून ठेवला होता, त्याच्या अरुंद कडेवर, तोल सांभाळून. ओरखडा नाही, फाकलेला नाही. मी माझे जॉइनर वाटीत टाकतो. पहिल्यापासून. टेबलावर असे उभे करून ठेवायची खोड दुसऱ्याची होती. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मी कशाला कडमडू तिथे, गुडघे काय भाड्याने आणू? मी वर येऊन एक सांधा काढला, मुद्दाम खाली गेलो, सावकाश चहा घेतला, पुन्हा वर आलो. पुढचा निघालेला होता.

भीती वाटायला हवी होती, नाही का? मला राग आला. पाळी चालली होती. एक माझा, एक त्याचा. मेला तरी पाळी सोडत नव्हता.

४

मी किल्ली घेतली आणि पलीकडे गेलो. उजेडी, टळटळीत दुपारी. त्या घरात मी भिंत झाल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. आत बंद घराचा वास, आणि प्रत्येक खोलीत फर्निचर उचललेल्या जागी फिकट चौकोन. जिना तोच, आमच्याच जिन्याचं उलटं रूप. मी वर जाताना आपोआप डावीकडे वळलो आणि भिंतीवर आदळलो, कारण इकडे उजवीकडे वळायचं होतं.

वरची खोली रिकामी होती. वहिनीने खरंच झाडून दिली होती, आणि त्यावर वर्षभराची धूळ सारखी पसरली होती. एकही पाऊल नाही, पाखराचंही नाही. मी दारात उभा राहून ते नीट बघितलं. मग चालत भिंतीपाशी गेलो, मागे वळून बघितलं, तर फक्त माझी पावलं.

बोगद्याचं पलीकडचं तोंड कमरेच्या उंचीवर होतं. माझं प्लॅस्टर त्यातून फुगून थोडं बाहेर आलं होतं, आणि त्या फुगवट्यात माप उमटलं होतं. माप मला वाचता येतं, तो माझा धंदाच आहे. बाहेरून एका माणसाने रूळ मुठीत धरले होते, प्लॅस्टर त्याच्या बोटांभोवती वाहत आलं होतं, आणि ते घट्ट होईपर्यंत त्याने हात काढला नव्हता. प्लॅस्टर घट्ट होताना चांगलं तापतं. चटका बसतो. तरी काढला नव्हता. तर्जनीचा ठसा अर्धाच होता. दादाची तर्जनी लहानपणी दारात चेंगरून पेरभर गेली होती, दार मी लावलं होतं की वाऱ्याने लागलं होतं यावर आमच्यात कधी एकमत झालं नाही.

म्हटलं, ठीक आहे. त्या दिवशी टकटक केली, उत्तर आलं नाही, तरी धरून बसला. हटवादी माणूस. यात गूढ काही नाही. मी माझी बोटं त्या ठशांत घातली, कोणीही घातली असती. ठसे आतून कोमट होते. हाताला लागेल न लागेल एवढे, आत्ता आत्ता घट्ट झालेल्या प्लॅस्टरसारखे. त्या भिंतीवर कुठूनही ऊन येत नाही. मी हात काढला आणि पँटला पुसला, बराच वेळ पुसत होतो.

५

शेवटी भिंतीत शिरणारे दोन रूळच उरले. माझ्या बाजूला वीतभर बाहेर, बाकी प्लॅस्टरमध्ये. ते ओढून काढायचे, की भिंत भिंतीसारखी होईल. मी पहिला पकडीत धरला आणि सरळ ओढला. प्लॅस्टरमध्ये तो खुळखुळत होता, म्हणजे अडकलेला नव्हता, निघायला हवा होता. मी ओढलं तितकंच पलीकडून ओढलं गेलं. बराच वेळ हे चाललं. मला घाम फुटला होता आणि मी पुटपुटत होतो, काय ते सांगण्यासारखं नाही.

मग रुळावर वाजलं. तीनदा.

सोड. अजून सोड? घर गेलं, अप्पा गेले, हा स्वतः गेला, आणि अजून मीच सोडायचं? मी सोडलं नाही. एका हाताने रूळ धरून ठेवला, दुसऱ्याने बारीक करवत घेतली आणि दोन्ही रूळ भिंतीलगत कापून टाकले. दुसरा कापला गेला त्या क्षणी पलीकडे धप्प आवाज झाला. रस्सीखेचीत समोरच्याने दोर सोडल्यावर माणूस मागे बसतो, तसा. मी हसलो. एकटाच, रिकाम्या खोलीत, मोठ्याने हसलो. नंतर ते हसू मला आवडलं नाही.

कापलेल्या टोकांवर नवं प्लॅस्टर भरलं, चांगलं जाड, पॉलिश पेपर मारला, रंग दिला. गार्डसाहेब टेम्पो घेऊन आले. रूळ उजेडात धरून एकेक टोक बघू लागले, जॉइनर भिंगाखाली फिरवले. मला म्हणाले, इतकी वर्षं मी हे करतोय, एकट्या माणसाच्या हातून असं निघत नाही.

"धरायला कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"भाऊ होता," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. कित्येक वर्षांत तो शब्द मी तोंडात घेतला नव्हता. गार्डसाहेब म्हणाले, नशीबवान आहात, आमच्या भावाला साधा स्क्रू धरता येत नाही.

६

मुलगी आली आणि घराला आवाज आला. भिंगरी दिवसभर वर-खाली, बायको तिच्यामागे 'अगं हळू, अगं पडशील' करत जिन्याच्या तळाशी. बायकोचे गुडघेसुद्धा आठवड्याभरात जिना चढायला लागले, नातीपुढे दुखणं हात टेकतं. मुलगी आधी गप्प असायची, मग हळूहळू जेवताना बोलू लागली. एकदा तर माझ्या कवळ्यांवर जुना विनोद केला. मी तिला तेव्हा सांगितलं नाही, पण माझं उरलेलं आयुष्य मला त्या एका जेवणात मिळालं होतं. तिने जाऊ नये एवढंच मला हवं होतं, दुसरं काही नाही.

पोरीचा कठड्याचा पलंग भिंतीला लावला होता. खिडकीकडे वारा लागतो, म्हणून मुलीनेच तिथे लावला. मी म्हटलं दाराकडे लाव. ती म्हणाली दाराशी उजेड येतो. मी काय कारण देणार होतो?

भिंगरीला त्या भिंतीचा लळा लागला. झोपेतून उठली की हाका न मारता भिंतीकडे तोंड करून बसायची. कधी कधी बोटाने वाजवायची. दोनदा. मुलं काहीही वाजवतात. मग मान तिरकी करून थांबायची आणि खुदकन हसायची. रंगावर एक केसाएवढी चीर दिसायला लागली होती, गोल, पेल्याच्या तोंडाएवढी. नवं प्लॅस्टर आकसतं, चिरतं. मी ती दोनदा भरली.

त्या दुपारी बायको आणि मुलगी बाजारात गेल्या होत्या. पोर वर झोपली होती, मी खाली एका गिऱ्हाइकाची कवळी घासत बसलो होतो. वर काहीतरी पडल्याचा आवाज आला, जड, पण आमच्या खोलीत नव्हे, भिंतीपलीकडे. मागोमाग भिंगरीचं हसू. मी जिना चढलो. पळालो नाही, कारण ती हसत होती.

बोगदा उघडा होता. माझं प्लॅस्टर पलीकडे पडलं होतं, नवं-जुनं सगळं. पोर पलंगात उभी, गाल भिंतीला टेकलेला, आणि कठड्यामधून तिचा उजवा हात खांद्यापर्यंत त्या भोकात. मला बघून ती हसली, समोरचे चार दात दाखवून. मी म्हटलं, अगं सोने, हात काढ. तिने काढला नाही. मी तिला काखेतून धरलं आणि अलगद मागे घेतलं. हात आला नाही.

अडकलेल्या आणि धरलेल्या वस्तूतला फरक मी मघाशीच सांगितला.

भोकाच्या आतून दोनदा वाजलं. रुळावर नख वाजावं तसं, आणि आत रूळ नव्हता, तो प्लॅस्टरबरोबर पलीकडे पडला होता. मी वाकून बघितलं. पोरीच्या दंडाच्या बाजूने पलीकडचा उजेड फटीएवढा दिसत होता, आणि त्या उजेडात काहीतरी पांढरं, प्लॅस्टरच्या पांढऱ्या रंगाचं, हळूच आवळलं गेलं.

मी ओढलं. सरळ, पीळ न देता, जसं शिकवलं होतं तसं. तितकंच पलीकडून. पोरीचं हसू थांबलं, ती माझ्याकडे बघायला लागली. मग वाजलं, तीनदा. मी दम खाल्ला. पुन्हा, तीनदा, सावकाश, समजावल्यासारखं.

"दादा," मी म्हणालो, "तू सोड."

पुन्हा तीनदा. मी तिला आणखी घट्ट धरलं. तुम्ही सोडलं असतं? खरं सांगा. तुमच्या हातात तुमची नात आहे आणि पलीकडून कोणीतरी म्हणतंय सोड, तुम्ही सोडाल? मी आयुष्यभर सोडलं. या वेळी नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी पाय भिंतीला लावले आणि ओढलं.

बारीकसा टक् आवाज झाला. जॉइनर निघताना होतो तसा. हात मोकळा झाला, आणि मग पोर किंचाळली.

७

डॉक्टर चांगले होते. कोपराचा सांधा निखळलाय, लहान मुलांचा निखळतो, हात धरून ओढलं की, असं म्हणत त्यांनी एका हाताने कोपर धरलं, दुसऱ्याने मनगट फिरवलं, आणि तो क्षणात बसला. पोर हुंदके देत खिडकीतून बाहेर बघायला लागली. डॉक्टर मुलीला म्हणाले, हात भोकात गेला होता तर नुसतं तिला सोडून द्यायचं. मुलं आत काहीतरी मुठीत धरून ठेवतात म्हणून हात येत नाही. आपण सोडलं की तीही सोडतात, हात आपोआप बाहेर येतो.

मग त्यांनी पोरीची बाही वर केली. मनगटाच्या वर बोटांचे ठसे होते, निळे पडायला लागलेले. तीन लांब आणि एक अर्धा. मुलीने ठशांकडे बघितलं आणि मग माझ्या हातांकडे. मी माझे पंजे तिच्यापुढे धरले, पाची बोटं शाबूत, बघ म्हटलं, मोज. ती मोजायला थांबली नाही.

सामान बांधताना तिने आवाज चढवला नाही, बायकोने चढवला, माझ्यावर. मी जिन्यात उभा होतो. काय सांगणार होतो, तुझ्या काकाने धरलं होतं? काका वर्षापूर्वी गेला. आणि गेला नसता तरी कोणाचा विश्वास बसणार होता, त्याच्याबद्दल मी आयुष्यभर काय काय बोललो ते तिने ऐकलंय. पोर तिच्या खांद्यावर होती. मी हात पुढे केला तर तिने मान फिरवून आईच्या गळ्यात घातली.

दारात मुलगी थांबली. "बाबा, ती रडत होती. नुसतं सोडायचं होतं. तुम्ही सोडलं का नाही?"

ती नवऱ्याकडे परत गेली. फोन येतो, बायकोला. मी खोलीत असलो की बायको फोन घेऊन बाहेर जाते.

मी पलीकडे जाऊन आलो. पडलेलं प्लॅस्टर जमिनीवर होतं, अख्खं, भोवती धूळ आणि माझी जुनी पावलं. उलटं करून ठसे बघितले. मुठीत आता रुळांची जागा नव्हती. तिथे वाटाण्याएवढ्या चार खळ्या होत्या, लहान बोटांच्या, एकमेकांना लागून. ते प्लॅस्टर कित्येक वर्षांपूर्वी घट्ट झालेलं आहे. मी ते तिथेच ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं.

बोगदा काही मी बुजवला नाही. पलंग गेला, टेबल गेलं, खोली आता पूर्ण रिकामी आहे. दुपारी मी तिथे खुर्ची टाकून बसतो. बायको विचारते काय करता, मी म्हणतो बसतो. काही वेळाने वाजतं, दोनदा. धरलंय, ओढ. मी कान देऊन तिसऱ्या टकटकीची वाट बघतो. आता त्याने 'सोड' म्हटलं तर मी सोडीन, लगेच सोडीन, काय म्हणेल ते सोडीन. पण तो आता दोनदाच वाजवतो, आणि माझ्या हातात काही नाही.